एकाच गेमला ९४ आणि ७० : खरं कोणाचं?

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत मावसभावाने मला ‘जेट सेट रेडिओ’ हा जुना गेम खेळायला दिला. चाकांचे बूट घालून टोकियोच्या रस्त्यांवरून सुसाट पळायचं, कठड्यांवरून घसरायचं आणि पोलीस यायच्या आत भिंतींवर स्प्रेने चित्रं काढायची, असा हा गेम. दादाचं म्हणणं, असा गेम पुन्हा झाला नाही. मी दोन तास बसलो आणि सुरुवातीच्याच भागात पाच वेळा माझी वेळ संपली. मग जरा शोधलं, तर २००० साली समीक्षकांच्या गुणांची सरासरी १०० पैकी ९४ होती. २०१२ मध्ये हाच गेम नव्या यंत्रांसाठी आला तेव्हा ती ७० च्या आसपास आली. खेळणाऱ्यांमध्येही दोन तट आहेत. गेम तोच, मग मतं इतकी वेगळी कशी? तेव्हाचे समीक्षक वाहवत गेले होते, दादा आठवणींत अडकलाय, की मलाच खेळता येत नाही?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या तिन्ही शंकांना माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. २००० चे समीक्षक खरं सांगत होते, २०१२ चेही खरं सांगत होते, आणि तुमचा दादाही. प्रत्येकाची या गेमशी भेट वेगळ्या वेळी झाली आणि प्रत्येक जण त्याच्याजवळ कमी-जास्त वेळ थांबला. कोण कधी आलं आणि किती थांबलं, हे मांडून पाहिलं की बराचसा गुंता सुटतो.

पहिली भेट २००० सालची. जून महिन्यात हा गेम जपानमध्ये सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट या यंत्रावर आला. सेगाच्याच स्मिलबिट या विभागाने तो बनवला होता. दिग्दर्शक मासायोशी किकुची, कलादिग्दर्शक ऱ्युता उएदा. त्याच वर्षाच्या शेवटी तो अमेरिकेत ‘जेट ग्राइंड रेडिओ’ या नावाने निघाला. मार्चमध्ये सोनीचं प्लेस्टेशन २ जपानच्या दुकानांत आलेलं होतं, आणि गेमच्या जगात एकाच गोष्टीची चर्चा होती : पडद्यावरचा माणूस खऱ्या माणसासारखा कधी दिसणार. कातडी, केस, पाणी, काचेवरची चमक, जो तो त्याच्या मागे.

अशा वेळी या गेममधलं पात्र समोर आलं. अंगाभोवती जाड काळी रेघ, भडक सपाट रंग, आणि चालणं असं की चित्रकथेतलं पान फाडून कोणी रस्त्यावर उतरलंय. त्रिमिती गेममध्ये चेहऱ्यावर प्रकाश पडला की उजेडाकडून सावलीकडे रंग हळूहळू उतरत जातो. इथे तो उतारच काढून टाकला होता. रंगाच्या मोजक्या पायऱ्या : इथपर्यंत उजेड, इथून पुढे सावली, मधे काही नाही. या तंत्राला सेल शेडिंग म्हणतात. हाताने काढलेल्या ॲनिमेशनपटांची चित्रं पूर्वी पारदर्शक सेल्युलॉइडवर रंगवत असत, त्यावरून हे नाव पडलं. ते इतक्या ठळकपणे वापरणाऱ्या अगदी सुरुवातीच्या गेमपैकी हा एक. २००१ च्या गेम डेव्हलपर्स चॉइस पुरस्कारांत दृश्यकलेचा मान त्याला मिळाला, तो यासाठीच.

दुसरी नवलाई कानांसाठी होती. हिदेकी नागानुमा यांनी हिप-हॉप, फंक आणि इलेक्ट्रॉनिक संगीत एकत्र मळलं. माणसाच्या आवाजाचे तुकडे करून ते असे जोडले की शब्दांचा अर्थ गळून जातो आणि उरतो फक्त ठेका. गेममध्ये प्रोफेसर के नावाचा निवेदक चोरून चालवलेल्या रेडिओ केंद्रावरून सगळी गोष्ट सांगतो, म्हणून नावात ‘रेडिओ’. शहरही या संगीताला साजेसं : शिबुया-चोमध्ये लख्ख दिवस, कोगाने-चोमध्ये कायमची संध्याकाळ, बेन्तेन-चोमध्ये दिव्यांनी पेटलेली रात्र.

आता स्वतःला त्या समीक्षकाच्या जागी ठेवून पाहा. आठवड्याला दोन-तीन गेम त्याच्या टेबलावर येतात, बरेचसे एकमेकांसारखे. आणि एक दिवस असं काही सुरू होतं, जे त्याने आधी कुठेच पाहिलेलं वा ऐकलेलं नाही. ९४ या आकड्यात ते नवेपण मोजलेलं आहे. त्यात वाहवत जाणं नव्हतं. पाहिलं ते त्यांनी नीट पाहिलं होतं.

मग २०१२ मध्ये ७० च का? २०१२ च्या समीक्षांमध्ये सर्वांत जास्त बोललं गेलं ते कॅमेरा आणि हाताळणीबद्दल. पळताना पडद्यावरचं दृश्य भलतीकडेच वळतं, उडी कुठे पडणार ते दिसत नाही, भिंतीजवळ गेलं की भिंतच आडवी येते. हा दोष २००० मध्येही होता आणि तेव्हाच्या समीक्षकांनी तो नोंदवलाही होता. फरक पडला तो वजनात. ड्रीमकास्टच्या कंट्रोलरवर दिशा देणारी दांडी एकच होती, ती पात्र हलवण्यात गुंतलेली. कॅमेरा पाठीमागे आणायचा तर डाव्या बाजूची कळ दाबायची, आणि भिंतीजवळ तीच कळ स्प्रे मारायची! तेव्हा खेळणाऱ्यांना असल्या अडचणींची सवय होती. त्रिमिती शहरात उड्या मारण्याचा प्रकारच नवा होता. ‘सुपर मारिओ ६४’ येऊन चारच वर्षं झाली होती.

२०१२ पर्यंत सगळं बदललं. प्रत्येक कंट्रोलरवर दोन दांड्या आल्या : डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्याने पाहायचं. खेळणाऱ्यांची एक पिढी या सवयीवर वाढली. नव्या आवृत्तीत उजवी दांडी कॅमेऱ्याला दिली, चित्र रुंद आणि स्वच्छ केलं, पण गल्ल्या, कठडे आणि उड्यांची अंतरं जुनीच राहिली. दुसरीकडे, २००० मध्ये थक्क करणारी ती काळी रेघ तोवर डझनावारी गेममध्ये येऊन गेली होती. म्हणजे गुणाचं वजन घटलं आणि दोषाचं वाढलं. त्यातून ७० आले.

आपल्याकडे गाजलेलं जुनं नाटक नव्या संचात रंगमंचावर येतं तेव्हा हेच होतं. ज्या संवादाने एके काळी प्रेक्षागृह हादरलं, तो आजच्या तरुणाला ओळखीचा वाटतो, कारण मधल्या काळात पन्नास नाटकांनी तो उचललेला असतो. पहिला अंक मात्र त्याला लांबलेला वाटतो. त्याचं काही चुकत नाही, आणि शुभारंभाच्या प्रयोगाला उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्याचंही काही चुकलेलं नव्हतं.

या गेमच्या बाबतीत आणखी एक घटना आडवी आली. अमेरिकेत तो पोहोचल्यावर काही महिन्यांतच, जानेवारी २००१ च्या अखेरीस, ड्रीमकास्टचं उत्पादन थांबवत असल्याचं सेगाने जाहीर केलं. यंत्रच बंद पडलं, त्यामुळे गेम विकत घेऊन खेळलेले लोक थोडे आणि त्याची कीर्ती ऐकलेले लोक पुष्कळ, अशी स्थिती झाली. २०१२ मध्ये पुष्कळांनी आधी ‘९४’ ऐकलं आणि मग गेम पाहिला. एवढी कीर्ती ऐकून आलेल्याचा अपेक्षाभंग फार लवकर होतो. तुमचंही थोडंसं तसंच झालंय का, पाहा.

आता दादाकडे येऊ. खेळणाऱ्यांमधले तट तुम्ही बरोबर हेरलेत, पण मला तिथे तीन गट दिसतात.

पहिला गट कसरती शोधत आलेल्यांचा. १९९९ मध्ये ‘टोनी हॉक्स प्रो स्केटर’ आला होता. त्यात बटणांच्या जुळणीतून एकेक कसरत साधावी लागते. ‘जेट सेट रेडिओ’मध्ये कठड्यावर उडी पडली की घसरणं आपोआप सुरू होतं. हवेतल्या करामतीही बऱ्याचशा आपोआप होतात. या गटाला गेम उथळ वाटला. खरं तर स्केटिंग हे इथे प्रवासाचं साधन आहे, आणि मूळ जात आहे ती प्लॅटफॉर्म गेमची. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमवर ज्यांनी मारिओला उड्या मारायला लावल्या, त्यांना ही जात ठाऊक आहे. इथे विटांच्या जागी जिन्यांचे कठडे, बसथांबे आणि छपरं आहेत.

दुसरा गट भटकंतीची आवड असलेल्यांचा. असं देखणं शहर समोर असताना घड्याळ मागे लागतं, याचा त्यांना राग येतो. पुढचा भाग ‘जेट सेट रेडिओ फ्यूचर’ २००२ मध्ये एक्सबॉक्सवर आला. त्यात घड्याळ काढलं आणि स्प्रे मारताना दांडी ठरावीक दिशांनी फिरवण्याची कटकटही काढली. हा गट खूश झाला. पण मग पहिल्या भागाचे भक्त म्हणू लागले की पोलीस धावत येताहेत, मोठं चित्र अर्धं झालंय आणि हात थरथरतोय, ती धडधडच गेली. एकाला खुपणारी गोष्ट दुसऱ्यासाठी गेमचा जीव असते, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

तिसरा गट राहून गेलेल्यांचा. त्यांनी शिबुया-चो इतक्या वेळा पालथं घातलं की कोणत्या जिन्यावरून कोणत्या छपरावर आणि तिथून कोणत्या भिंतीवर, हे त्यांच्या बोटांना पाठ झालं. गावातल्या बोळांतून डोळे मिटून सायकल काढणारा मुलगा आठवा. नव्या माणसाला तेच बोळ अरुंद आणि अडचणीचे वाटतात. ज्याला रस्ता पाठ आहे, त्याला कॅमेरा कुठे वळला याची फारशी फिकीर नसते, कारण पुढे काय आहे ते त्याला न बघताही माहीत असतं. तुमचा दादा या गटातला असणार. त्याच्या प्रेमात आठवणी आहेतच, पण वस्ती ओळखीची झाल्याचं ज्ञानही आहे. समीक्षकाला मुदतीत लेख द्यायचा असतो, गेम संपवून तो पुढच्या गेमकडे वळतो. शंभराव्या फेरीला गेम कसा लागतो हे सांगायला खेळणाराच हवा.

राहता राहिलात तुम्ही. दोन तासांत पाच वेळा वेळ संपणं ही या गेममधली अगदी सर्वसाधारण सुरुवात आहे. पुढच्या वेळी पहिली फेरी भिंतींना हात न लावता नुसती फिरण्यात घालवा. वेळ संपू द्या, पण रंगाचे डबे आणि लाल बाणांच्या खुणा कुठे आहेत ते पाहून घ्या. दुसऱ्या फेरीला मोठ्या भिंती आधी उरका. तुम्ही जसजशा भिंती रंगवत जाता तसतसा पोलिसांचा ताफा वाढत जातो आणि मोठ्या चित्रासाठी एका जागी उभं राहावं लागतं. लहान भिंती शेवटी ठेवा, त्या पळता पळताही होतात.

प्रश्न : ‘जेट सेट रेडिओ’सारखे गेम माझा नववीतला मुलगाही खेळतो. पोलिसांना चकवून भिंती रंगवणारी मुलं नायक म्हणून दाखवलेली आहेत. समीक्षकांना यात काही गैर वाटलं नाही का?
— एक वाचक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : ही काळजी ‘जेट सेट रेडिओ’ बनवणाऱ्यांनाही होती. भिंती विद्रूप करणं हा गुन्हा आहे आणि कंपनी त्याला उत्तेजन देत नाही, असा इशारा गेममध्येच दिलेला आहे. दुसऱ्या बाजूने, ग्राफिटी ही कला आहे हेही त्यांनी गांभीर्याने मानलं. गेममधल्या काही चित्रांसाठी न्यूयॉर्कचे नामवंत ग्राफिटी चित्रकार एरिक हेझ यांचं काम घेतलं. खेळणाऱ्याला स्वतःचं चित्र तयार करून ते गेममधल्या भिंतीवर उमटवण्याची सोयही दिली. अनेकांना हीच सोय सर्वांत जास्त आवडली.

बहुतेक समीक्षकांनी गेमकडे अतिशयोक्तीने रंगवलेली गोष्ट म्हणून पाहिलं. त्यातला पोलीस अधिकारी ओनिशिमा चार पोरांमागे पिस्तूल उगारून धावतो, पुढे हेलिकॉप्टरं आणि रणगाडेही येतात. शहर गिळू पाहणारा खरा खलनायक म्हणजे रोक्काकू हा उद्योगसमूह. वास्तवाच्या जवळ जाणाऱ्या गेमला वेगळी वागणूक मिळाली. ग्राफिटीवरच बेतलेल्या ‘मार्क एकोज गेटिंग अप’ या गेमला २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात प्रमाणपत्र नाकारलं गेलं, म्हणजे तिथे तो विकणंच बंद झालं. भिंत रंगवणं दोन्हीकडे होतं. पहिल्याचं टोकियो चित्रकथेतलं, तर दुसऱ्याचा रस्ता खऱ्या रस्त्यासारखा दिसत होता. पाहणाऱ्याचा निवाडा यावरही ठरतो.

तुमच्या मुलाशी बोलायला आपल्याकडची उदाहरणं हाताशी आहेत. महाराष्ट्रात मालमत्तेचं विद्रूपण रोखणारा १९९५ चा कायदा आहे, त्यामुळे कोणाची भिंत न विचारता रंगवणं हा इथेही गुन्हाच. आणि मुंबईच्या ससून डॉकमध्ये २०१७ साली रीतसर परवानगीने झालेला कलाप्रकल्प आहे. तिथे भिंतींवर मासेमारी करणाऱ्यांचे चेहरे झळकले, ते पाहायला लोकांची रीघ लागली. दोन्ही गोष्टी त्याला सांगा. मग त्याने गेममध्ये काढलेलं चित्र एकदा मागून पाहा. काय काढलंय हे आईने विचारणं हा त्या वयात मोठा आनंद असतो.

प्रश्न : माझ्या मुलीला अशाच धाटणीचा ‘बॉम्ब रश सायबरफंक’ हवा आहे. काही रिव्ह्यू फार चांगले, काही ‘जुन्याची नक्कल’ म्हणणारे. रिव्ह्यू वाचताना नेमकं काय पाहायचं?
— एक वाचक, पणजी

उत्तर : हा गेम नेदरलँड्समधल्या टीम रेप्टाइल या छोट्या चमूने ऑगस्ट २०२३ मध्ये आणला. ‘जेट सेट रेडिओ’वरचं प्रेम त्यांनी लपवलेलं नाही. नागानुमा यांचं संगीतही त्यात आहे. स्केट्सच्या जोडीला स्केटबोर्ड आणि सायकल आली, कॅमेरा आजच्या सवयीचा झाला, मागे लागणारं घड्याळ गेलं. समीक्षकांनी शहर, वेग आणि संगीत यांची तारीफ केली. पोलिसांशी मारामारी करण्याचा भाग अनेकांना कच्चा वाटला. आणि जुन्या गेमशी त्याचं साम्य हाच वादाचा मुद्दा ठरला. मूळ गेम खेळलेल्या काहींना ते ऋण फेडणं वाटलं, काहींना नवं काही न देणं. तुमच्या मुलीने जुना गेम पाहिलेला नसेल, तर हा वाद तिच्यासाठी नाहीच. तिला २००० सालच्या समीक्षकासारखी पहिलीवहिली भेट मिळणार आहे.

रिव्ह्यू वाचताना मी चार गोष्टी पाहतो. पहिली, तो कधी लिहिला आणि कोणत्या आवृत्तीबद्दल आहे. दुसरी, लिहिणारा काय शोधत आला होता : कसरती, भटकंती की गोष्ट. तिसरी, तक्रार नेमकी कशाची. ‘वेळ फार कमी’ ही तक्रार तुमच्या मुलीसाठी कदाचित आमंत्रण असेल. चौथी, आकडा कसा तयार झाला. मेटाक्रिटिकसारख्या ठिकाणी कोणी पाचपैकी, कोणी दहापैकी दिलेले गुण शंभरांत बदलून त्यांची भारित सरासरी काढतात. अर्ध्यांनी ९५ आणि अर्ध्यांनी ५५ दिले, तरी उत्तर ७५ येतं, आणि ते ७५ कोणाचंच मत नसतं. म्हणून आकडा दारावरच्या पाटीइतकाच माना आणि आत जाऊन निदान दोन रिव्ह्यू पूर्ण वाचा, एक खूश झालेल्याचा आणि एक नाराज झालेल्याचा.

मतं बदलतात, याची लाज कोणीच वाटून घेऊ नये. ‘झेल्डा’ मालिकेतल्या ‘विंड वेकर’चं व्यंगचित्रासारखं रूप २००१ मध्ये पहिल्यांदा दिसलं तेव्हा कित्येक चाहते चिडले होते. आज त्याच रूपासाठी तो गेम लाडका आहे. ज्या गेमने खऱ्यासारखं दिसण्याची धडपड केली, तो पुढचं यंत्र आलं की जुना दिसू लागतो. ज्याने आपलं चित्र आपणच ठरवलं, त्याला पुढच्या यंत्राची भीती कमी. ‘जेट सेट रेडिओ’चा कॅमेरा म्हातारा झाला, पण त्याची ती काळी रेघ अजून तरुण आहे. डिसेंबर २०२३ मध्ये सेगाने नव्या ‘जेट सेट रेडिओ’ची घोषणा केली, तेव्हा क्षणात ओळख पटली ती याच रूपामुळे.

नाशिकच्या आणि पणजीच्या दोन्ही घरांना एक सुचवतो. गेम खेळून झाल्यावर त्याबद्दल स्वतःच्या चार ओळी वहीत लिहा : काय आवडलं, कुठे अडलं, कोणासाठी आहे. सहा महिन्यांनी पुन्हा खेळा आणि त्याखाली आणखी चार ओळी लिहा. दोन्ही नोंदी जुळल्या नाहीत तर पहिली खोडू नका. फक्त प्रत्येकीच्या वर तारीख घाला.